साळोख्यांच्या दारात

“दोन पिवळी कार्डं झाली म्हणून आमचा उमाजी बाहेर. मग त्यांच्या गोलकीपरनं पंचाला ढकललं, त्येला काय? पेढे?” इकबालनं ग्लास असा आपटला की चहा माझ्या पँटवर उडाला.

“पेढे न्हाईत, नुसती समज,” मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळा कट्टा हसला.

शनिवारची संध्याकाळ होती. रंगूतात्या पोवारांच्या शिलाईच्या दुकानाबाहेर दगडी कट्टा होता, तिथं आम्ही बारा-पंधराजण बसलो होतो. दुसऱ्या दिवशी फायनल. आमची तोफखाना तालीम आणि पलीकडच्या गल्लीतली चिंचबाग तालीम. बाहेरच्या माणसाला पटत नाही, पण कोल्हापुरात तालमीच्या नावावर फुटबॉल खेळला जातो आणि मॅचच्या आधीचे आठ दिवस माणसं घरी जेवायला सुद्धा भांडत भांडत जातात. त्या वर्षी मी चोवीस वर्षांचा होतो. ही गोष्ट सत्तावीस वर्षांपूर्वीची.

“इकबाल, उमाजीनं लाथ घातली होती का न्हाई?” तात्या मशीनवरून न उठताच म्हणाले. त्यांच्या पायाखाली मशीन चालूच होतं. जांभळ्या निशाणाची शेवटची पट्टी शिवायची राहिली होती.

“घातली. म्हणून काय झालं?”

“मग बाहेर बसायचं. दुसऱ्यानं चोरी केली आन् सुटला, म्हणून आपल्या चोराला सोडा म्हणायचं? हा कुठला न्याय?”

“तात्या, तुम्ही आमचे का त्यांचे?”

“मी फुटबॉलचा,” तात्या म्हणाले. त्यांच्या तरुणपणी ते लेफ्ट आउट खेळायचे. गुडघा गेला तरी बोलणं तसंच सरळ होतं.

इकबाल माझ्याकडे वळला. “बरं, न्याय राहू दे बाजूला. उमाजी न्हाई तर संताला कोण धरणार? हवेतला बॉल आला की त्यो दुसऱ्या मजल्यावरनं घेतोय. सांग की रं अरव्या. मघापास्नं तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा का बसलाईस?”

संता म्हणजे संताजी साळोखे, चिंचबागेचा सेंटर फॉरवर्ड. त्याच्यासारखं हेडिंग मी तरी पुन्हा कुणाचं पाहिलं नाही. उडी मारल्यावर तो क्षणभर वरच थांबतो असं वाटायचं.

मी गप्प होतो त्याला कारण होतं. मी तेव्हा एका सीटी स्कॅन सेंटरमध्ये रिपोर्ट टाइप करायचो. बुधवारी दुपारी संता एकटाच तिथं आला होता. सेमीफायनलला त्याचं डोकं समोरच्या बॅकच्या डोक्यावर आदळलं होतं. दोन मिनिटं पडून राहिला, पाणी मारलं, उठून खेळला. तेव्हापासून डोकं ठणकत होतं, सकाळी उलट्या होत होत्या. मेंदूच्या आवरणाखाली रक्ताचा पातळ थर साकळलाय, असं स्कॅनमध्ये दिसलं. डॉक्टर त्याला म्हणाले, “आजच्या आज ॲडमिट व्हा. घरचं कुणी असेल त्याला घेऊन या.” हा म्हणाला, “सोमवारी होतो.” डॉक्टर चिडले. खेळायचं सोडा, जिनासुद्धा जपून उतरायचा, असं त्यांनी बजावलं.

मी बाहेरच्या टेबलावर रिपोर्ट टाइप करत होतो. जाताना त्यानं माझा दंड धरला.

“तू तोफखान्याचा न्हवं?”

“होय.”

“मग तुझ्याकडं मागायला लाज वाटतीया. पण रविवारपतुर तोंड उघडू नकोस. गोव्याच्या क्लबची माणसं येणारायत बघायला. सत्तावीस पूर्ण झाली मला. पुढल्या वर्षी कोण येतंय?”

मी मान हलवली होती.

पण त्या संध्याकाळी इकबालनं विचारलं आणि मला ते पोटात ठेवता आलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. तात्यांचं मशीन थांबलं.

“म्हंजे उद्या खेळत न्हाई?” इकबालनं हळू विचारलं.

“खेळणार हाय. घरात सांगितलेलंच न्हाई त्यानं.”

“मग आपलं फावलं की,” मागून एकजण पुटपुटला. तात्यांनी नुसतं बघितलं, तसा तो उठून पान खायला गेला.

“हे त्याच्या घरी कळायला पाहिजे,” तात्या म्हणाले.

“कोण सांगणार? आपण?” इकबाल उभाच राहिला. “तात्या, जरा उलटं करून बघा. उद्या चिंचबागेचं कोण आपल्या दारात आलं आन् म्हणालं, तुमचा हुकमी माणूस आजारी हाय, बसवा त्याला, तर आपण काय म्हटलं असतं? डाव टाकला म्हटलं असतं. हाणला असता.”

“म्हणू दे.”

“आन् आपण जिंकलो तर? जन्मभर ऐकायचं की संता नव्हता म्हणून कप आला. मला तसला कप नको. अकराला अकरा, जे काय व्हायचं ते मैदानात हू दे. ह्याला म्हणत्यात न्याय.”

इकबाल काही वाईट माणूस नव्हता. त्याच्या बोलण्यावर निम्म्या कट्ट्यानं माना डोलावल्या. मीही डोलावली असेन.

तात्या दुकानातून बाहेर आले. गळ्यातली टेप त्यांनी काढून हातात गुंडाळली. “कप गेला खड्ड्यात. ज्याला चांगलं खेळता येतंय त्येला आपण हरवायला बघतोय, मारायला न्हवं. अरव्या, तुला ठावं हाय, तूच जा. उजेड हाय तवर जा.”

मी सायकल काढली.

चिंचबागेत तांबड्या पताका लागल्या होत्या. चौकात भला मोठा फलक होता, त्यावर संताचा हवेत उडी घेतलेला फोटो. माझ्या अंगातला जांभळा शर्ट बघून दोघा-तिघांनी शिट्ट्या मारल्या आणि माझ्या मागोमाग चालायला लागले. साळोख्यांचं घर शेवटच्या बोळात. संताचे वडील केरबा साळोखे उद्यमनगरात लेथ चालवायचे. नुकतेच कामावरून आले होते, दारातल्या बादलीत हात धूत होते. आत कुणीतरी भाकरी थापत होतं.

“काका, संताजी हाय काय?”

“तू कुणाचा?”

“चौगुल्यांचा. अरविंद. तोफखान्यातला.”

केरबाकाका सरळ झाले. “काय काम काढलंस?”

मी एका दमात सांगितलं. डोक्याचा फोटो काढलाय, आत रक्त साकळलंय, डॉक्टर ॲडमिट व्हायला सांगत होते, उद्या त्याला खेळू देऊ नका.

ते टॉवेलनं एकेक बोट पुसत राहिले. “कुणी धाडलं तुला?”

“रंगूतात्यांनी.”

“रंगा शिंप्यानं?” ते हसले. माझ्यामागं उभी असलेली माणसंही हसली. “उमाजी बसला, आता संताला बसवा. झाली बरोबरी. व्हय?”

“न्हाई काका, खरंच—”

“संत्या!” त्यांनी आत हाक मारली.

संता बाहेर आला. मानेभोवती ओला पंचा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. त्यानं मला विनवलं, तिथं सगळ्यांच्या देखत, फक्त डोळ्यांनी.

“ह्यो काय म्हणतोय ते खरं हाय?”

“टेंगूळ आलतं, बाबा. उतरलं. कायबी सांगतोय त्यो.”

भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता.

“ऐकलंस?” केरबाकाका एक पायरी खाली उतरले. “तुझ्या बाला वळखतो मी. दारोदार भंगार गोळा करून शिकवलं त्यानं तुला. ते काय असल्या कामासाठी? भंगारवाल्याचं ते भंगारच शेवटी. चल, नीघ.”

मागची माणसं मोठ्यानं हसली. माझे कान तापले. मी तिथं आणखी क्षणभर उभा राहिलो असेन. मग सायकल वळवली. कुणीतरी मागच्या चाकातली हवा सोडली होती, त्यामुळं सगळा बोळ मला ती हातानं ढकलत पार करावा लागला.

कट्ट्यावर येऊन मी सांगितलं, “हाकललं मला.” इकबाल म्हणाला, “मी म्हटलं नव्हतं?” तात्या आत जाऊन मशीनवर बसले. रविवारी ते मॅचलाही आले नाहीत. त्यांनी शिवलेलं निशाण दुसऱ्या कुणीतरी नेलं.

दुपारी चारला मॅच सुरू झाली. उन्हात स्टेडियमच्या दगडी पायऱ्या तापल्या होत्या. बॉल हवेत गेला की वीस हजार माणसं बॉलकडं बघत होती आणि मी आणि इकबाल संताकडं. पहिल्या हाफमध्ये त्यानं चार वेळा हेडिंग घेतलं. प्रत्येक वेळी खाली आल्यावर तो दोन्ही हात कमरेवर ठेवून थोडा वेळ जमिनीकडं बघायचा. चौथ्या वेळी इकबालनं माझं मनगट धरलं, ते मॅच संपेपर्यंत सोडलं नाही.

दुसऱ्या हाफमध्ये, संपायला बारा-तेरा मिनिटं उरली असताना, त्यांना कॉर्नर मिळाला. बॉल लांबच्या खांबाकडं आला. आमचे दोन बॅक उडी मारून खाली आले तरी संता वरच होता. बॉल जाळीत गेला. तांबड्या बाजूला फटाके सुरू झाले, धूर मैदानात उतरला. त्याचे सोबती त्याच्या अंगावर पडले, त्यानं एकेकाला बाजूला केलं आणि मधल्या रेषेकडं चालत निघाला. अर्ध्यात खाली बसला. बुटाची नाडी बांधायला बसला असं मला वाटलं. त्याची बोटं नाडीवर फिरत होती, पण गाठ काही मारली जात नव्हती. मग तो एका कुशीवर कलंडला. फटाके वाजतच होते.

तो बुधवारी पहाटे गेला. शुद्धीवर आलाच नाही. कप चिंचबागेला मिळाला, पण तो त्यांनी मिरवला नाही. अजूनही तालमीत मागच्या खोलीत आहे म्हणतात.

मातीच्या वेळी दोन्ही तालमी आल्या होत्या. मी मागं एका झाडाखाली उभा होतो. तोवर इकबालनं गावभर सांगितलं होतं की अरव्या आदल्या दिवशी सांगायला गेला होता, त्याला अपमान करून हाकललं. केरबाकाका गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आले आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाले, “तू आलतास रं. मी ऐकलं न्हाई.” सगळे बघत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर माझं विचित्र झालं. चिंचबागेतून जाताना माणसं दुकानातून उठून मला नमस्कार करायची. वैऱ्याच्या गल्लीतला असून सांगायला आला, म्हणायची. आमच्या तालमीनं गणपतीत माझा नारळ-शाल देऊन सत्कार ठरवला, तेव्हा मी आजारी आहे म्हणून घरात पडून राहिलो. मॅच बघणं सोडलं. कुठं फटाके वाजले की मला ती नाडीवर फिरणारी बोटं दिसायची. लग्नाच्या वरातीत दिसली, दिवाळीत दिसली. माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा मी फटाके लावू दिले नाहीत.

वर्षश्राद्धाला केरबाकाका स्वतः बोलवायला आले. “तिची इच्छा हाय,” ते म्हणाले. ‘ती’ म्हणजे संताची आई, आक्काताई. “माझ्याशी वर्षभर शब्द बोललेली न्हाई. पण तुला बोलवा म्हणून सांगायला परवा तोंड उघडलं.”

ते गेल्यावर मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी उद्यमनगरात त्यांच्या शेडमध्ये गेलो. मला बघून त्यांनी लेथ बंद केलं. मी उभ्यानंच बोललो, बसलो असतो तर बोलता आलं नसतं.

“काका, त्या दिवशी तुमच्याकडं येताना मी वाटेत सेंटरवरनं रिपोर्टची कार्बन कॉपी घेऊन आलो होतो. डॉक्टरांची सही होती त्यावर. तुम्हाला दाखवायला म्हणूनच आणली होती. खिशात होती. तुम्ही माझ्या वडिलांना भंगारवाला म्हणालात. मी खिशात हात घातला होता, तो तसाच बाहेर काढला. मनात म्हटलं, नका ऐकू. खेळू दे. मरू दे.”

शेडमध्ये तेलाचा वास होता. केरबाकाकांनी लेथवरचा लोखंडाचा कीस फडक्यानं झाडला. ते मारतील असं मला वाटलं. मारावं असं वाटत होतं.

“आणि कुणाला सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“कुणाला न्हाई.”

“मग सांगू नकोस.”

“काका—”

“ऐक. मी दार लावलं हे खरंच हाय की. कागद दावला असतास तर मी वाचला असता का फाडला असता, मला तरी कुठं ठावं? ते माझ्याकडंच राहू दे. पण तिला एक माणूस लागतोय रं, ज्याचं नाव घेतल्यावर तिला बरं वाटंल. पोरगं गेलं, नवरा मनातनं गेला. आता तूबी गेलास तर तिच्याजवळ कोण उरलं?” त्यांनी हात पुसले. “तू ये जेवायला. दरसाल येत जा. माझ्यासाठी म्हणून ये.”

मी गेलो. दरवर्षी जात राहिलो. आक्काताई मला पाटावर बसवायच्या, सगळ्यांत आधी माझं पान वाढायच्या. खीर, वडे, अळूची भाजी. समोर भिंतीवर संताचा फोटो असायचा. केरबाकाका दाराशी बसून असायचे आणि मी जेवत असताना कधी माझ्याकडं बघायचे नाहीत. घास घशाखाली उतरवायला मी पाणी फार प्यायचो. आक्काताई तांब्या पुन्हा भरून ठेवायच्या. जाताना दरवेळी म्हणायच्या, “पुढल्या वर्षी ये हं बाळ.” मला मुलं झाली, मी स्वतःचं टायपिंगचं दुकान काढलं, बंद केलं, डोक्याचे केस पिकले, तरी त्यांच्या तोंडी मी बाळच राहिलो.

तीन वर्षांपूर्वी केरबाकाका वारले. मग तो कागद ठाऊक असणारा जगात मी एकटाच उरलो. दोन वर्षं मी तसाच जेवून आलो. गेल्या वर्षी मात्र पहिलाच घास हातात घेतला आणि तो तोंडापर्यंत जाईना. आक्काताई आता अठ्ठ्याहत्तरच्या. भिंतीला टेकून समोर बसल्या होत्या. घरात आम्ही दोघंच.

“आई, मला एक सांगायचंय,” मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. कागद सांगितला, भंगार सांगितलं. ‘मरू दे’ म्हटलं होतं तेही सांगितलं.

त्यांनी मध्येच थांबवलं नाही. माझं संपल्यावर पदरानं तोंड पुसलं.

“मला ठावं हाय,” त्या म्हणाल्या.

“काकांनी सांगितलं?”

“न्हाई. मी बघितलं. भाकरी टाकून मी आतल्या पडद्याआड येऊन उभी होते. तू खिशात हात घातलास, कागदाचं टोक वर आलं, पुन्हा आत गेलं. मी म्हटलं, आता काढंल. आता काढंल. न्हाई काढलास.”

मी हातातला घास पानात ठेवला. “मग... इतकी वर्षं मला जेवायला...”

“मी तरी कुठं भाईर आले?” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं तसं म्हणाल्या. “पोरगं रोज सकाळी मोरीत वकत होतं, ते काय मला दिसत नव्हतं? एक शबूद टाकायचा होता, काय रं बाळ खिशात तुझ्या? भाईर चार पुरुष माणसं हसत उभी, त्यात कसं जायचं, म्हणून मागं सरले. भाकरी करपत होती, ती उलटायला गेले.” त्यांनी दाराकडं बघितलं, जिथं केरबाकाका बसायचे. “ह्यांच्याशी बोलणं टाकलं ते रागानं न्हवं. लोकास्नी तसं वाटलं. ह्यास्नीबी तसंच वाटत गेलं. कुठल्या तोंडानं बोलणार होते मी? ह्ये जाताना तरी सांगायचं हुतं त्यास्नी. तेबी जमलं न्हाई.”

बोळातून एक रिक्षा गेली.

मग त्या भिंतीला धरून उठल्या. मला वाटलं माझं पान उचलायला उठल्या. त्या आत गेल्या, फडताळातून एक ताट काढलं, त्यात खीर घेतली, अर्धी पोळी घेतली आणि परत येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्यासमोर कधी जेवल्या नव्हत्या.

“खा,” म्हणाल्या. “मीबी खाते.”